शौकतभाईंची सेटिंगची फाईल

ऑफिसातले किस्से साठतात कुठे? बहुतेक ठिकाणी चहाच्या टपरीवर. एक जण सांगतो, दुसरा मीठमसाला लावतो, आणि आठवड्याभरात ज्याचा किस्सा त्यालाच तो दुसऱ्या कुणाचा वाटायला लागतो! आमच्याकडे तसं झालं नाही. आमचे किस्से सर्व्हरच्या सेटिंगच्या फाईलमध्ये साठले. थट्टा नाही, खरंच सांगतोय. आणि मी शहाण्याने ते एकदा कचरा म्हणून पुसून टाकले होते, तेही सांगून टाकतो. लपवून काय उपयोग, सगळ्या ऑफिसला माहीत आहे.

आमचं ऑफिस म्हणजे एका दूध संस्थेचा जनावरांच्या दवाखान्याचा विभाग. मुख्य ऑफिस कोल्हापुरात, केंद्रं तालुक्यातालुक्यात. म्हैस कुणाची, तिच्या कानातला बिल्ला कितवा, लस कधी टोचली, गाभण कधी राहिली, कुठलं औषध तिला सोसत नाही, हे सगळं एका सर्व्हरवर. आणि त्या सर्व्हरचे मालक, चालक, पालक म्हणजे शौकतभाई. मंगळवार पेठेतून सायकलने यायचे. मुळात टायपिस्ट म्हणून लागलेले. ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा ‘याची बोटं चालतात’ म्हणून त्यांनाच त्याच्यासमोर बसवलं, ते निवृत्तीपर्यंत तिथेच बसले. मी त्यांच्या हाताखालचा. मला ते ‘महेशा’ म्हणायचे आणि माझं चुकलं की ‘महेशराव’.

*

गेल्या मे महिन्यातली मीटिंग. नवे मॅनेजर निंबाळकर साहेब नुकतेच आले होते. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही.

‘बॅकअप घेता का?’ त्यांनी विचारलं.

‘घेतो की! रोज घेतो,’ शौकतभाई म्हणाले.

‘उघडून बघितलाय कधी?’

आता खरं सांगायचं तर बघितला नव्हता. कधीच! रोज घ्यायचा, कपाटात ठेवायचा. उघडायची वेळच आली नव्हती. शौकतभाईंनी मानेनेच नाही म्हटलं.

‘मग तो बॅकअप नव्हे, शौकतभाई,’ निंबाळकर साहेब म्हणाले, ‘ती श्रद्धा झाली!’

सगळी मीटिंग खो खो हसली. मीही हसलो, हे कबूल करतो. शौकतभाई तेवढे हसले नाहीत. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभाची तारीख ठरली होती, शाल आणायला माणूससुद्धा नेमला होता. ते उठून उभे राहिले.

‘गगनबावड्याच्या केंद्राला येगळं मशीन द्यायचंच हाय न्हवं? त्याच्यावर उघडून दावतो. न्हाई उघडला, तर शाल-नारळ नको मला. सायकल घीन आन मागल्या दारानं जाईन.’

आता हा माणूस एकदा बोलला की बोलला. मीटिंगनंतर मी म्हटलं, ‘शौकतभाई, कशाला शब्द दिलात?’ तर म्हणाले, ‘त्यो हसला त्याचं काय न्हाई रं. तू हसलास.’

 त्या दिवसापासून त्या समारंभाची काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त लागून राहिली.

*

गगनबावड्याची भानगड अशी की पावसाळ्यात तिथे नेट चार-चार दिवस गायब असतं. म्हणून पावसाआधी सगळ्या नोंदी तिथल्याच एका मशीनवर उतरवून ठेवायच्या, असं ठरलं होतं. फक्त ‘मशीन’ म्हणजे हिशेब विभागाने टाकून दिलेला जुना डेस्कटॉप! आपल्या कोल्हापूरच्या सर्व्हरची मेमरी चौसष्ट जीबी, आणि याची चार.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी शौकतभाईंची सेटिंगची फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. या फाईलमध्ये आकडे असतात. सर्व्हरने किती मेमरी वापरायची, एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, असलं सगळं. आणि ज्या मजकुराच्या आधी हॅशची खूण असते तो मशीन वाचत नाही, तो माणसाने माणसासाठी लिहिलेला असतो. शौकतभाईंनी प्रत्येक आकड्यापुढे हॅश टाकून कहाणी लिहिली होती. कोण आलं, काय म्हणालं, कोण रुसलं! म्हटलं, हे कुणी बाहेरच्याने बघितलं तर काय अब्रू राहील? मी नवी फाईल केली. हॅशच्या पुढचं सगळं पुसलं, आकडे मनाने लहान केले, आणि स्वतःवर खूश होऊन घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी जीपने गगनबावड्याला. तिथलं केंद्र सांभाळतात अंजनाताई. केंद्र म्हणजे दोन खोल्या, पुढच्या खोलीत औषधांचं कपाट, मागच्या खोलीत हे मशीन. बॅकअप उतरवायला दोन-अडीच तास लागले. मग आधी शौकतभाईंच्या मूळ फाईलने चालू करून बघितलं. मशीनने सरळ हात वर केले. मागताय सोळा जीबी, घरात आहेत चार!

‘काळजी नको,’ मी म्हटलं, ‘मी सोय करून आलोय.’ आणि ऐटीत माझी फाईल घातली.

चालू झाला, दहा सेकंद चालला आणि पडला. परत केलं. परत पडला. मेमरीची तक्रार नव्हती, दुसरीच काहीतरी इंग्रजी लांबलचक ओळ येत होती. तिसऱ्यांदाही पडला. शौकतभाई खुर्चीच्या कडेला बसले होते. ते आवाज न चढवता म्हणाले, ‘म्हंजे साहेबच खरं म्हनायचं.’

मग त्यांनी चष्मा लावून माझी फाईल बघितली. वरपासून खालपर्यंत.

‘माझ्या ओळी कुठं गेल्या?’

‘काढल्या.’

‘का?’

‘कचरा वाटला,’ मी म्हटलं. 

शौकतभाईंनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, ‘महेशराव, माझी फाईल काढा. वरनं वाचा. आकडा ल्हान कराय माझी ना न्हाई, पर आधी वाचायचं, मग हात लावायचा.’

अंजनाताई स्टूल घेऊन आल्या. मी मोठ्याने वाचायला लागलो.

*

पहिली ओळ. सर्व्हरची स्वतःची मेमरी, सोळा. पुढे लिहिलं होतं : ‘मोठे साहेब म्हणाले ४८ करा, मशीन रिकामं कशाला ठेवता. केले. दुपारी बंद पडले. परत १६. साहेबांना सांगितले नाही.’

हे मोठे साहेब म्हणजे निंबाळकरांच्या आधीचे. एकदा सर्व्हरच्या खोलीत येऊन म्हणाले, ‘चौसष्ट आहे आणि तुम्ही सोळाच वापरता? बाकीची काय लोणच्याला ठेवलीय?’ शौकतभाईंनी समजावलं की साहेब, मशीनला स्वतःलाही श्वास घ्यायला जागा लागते. पण साहेबांपुढे कोण बोलणार? केले अठ्ठेचाळीस. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं गार! चुलीपेक्षा पातेलं मोठं झालं की दुसरं काय होणार? गुपचूप परत सोळा केले.

दुसऱ्या दिवशी मोठे साहेब आले, दोन-चार नोंदी उघडून बघितल्या आणि म्हणाले, ‘बघा, कालपासून कसं पळतंय!’

शौकतभाई म्हणाले, ‘तुमच्यामुळंच, साहेब!’

पुढे साहेबांनी हे त्यांच्या निरोपाच्या भाषणातसुद्धा सांगितलं. गगनबावड्याच्या मशीनला आम्ही एक जीबी दिला.

*

दुसरी ओळ. एकेका कामाला किती मेमरी द्यायची, त्याचा आकडा. ‘डॉक्टर इंगवले. लसीकरण यादी. आधी ४, मग ६४, मग २५६ एमबी. तरी नाराज.’

डॉक्टर इंगवल्यांना एकदा लहर आली. जिल्ह्यातली सगळी जनावरं नावाप्रमाणे लावून द्या, म्हणाले. बिल्ल्याप्रमाणे नको, गावाप्रमाणे नको, नावाप्रमाणे! सकाळी यादी लावली, ती दुपार झाली तरी येईना. डॉक्टर दर पंधरा मिनिटांनी येऊन उभे. शौकतभाई आकडा वाढवत गेले. शेवटी यादी आली, छापली, डॉक्टरांच्या हातात दिली. डॉक्टर पानं उलटतायत, उलटतायत… पानंच्या पानं नुसत्या चंद्र्या! आपल्याकडे म्हशीचं दुसरं नाव ठेवतं कोण?

‘अहो, आता मी यातल्या कुठल्या चंद्रीला टोचू?’ डॉक्टर ओरडले.

शौकतभाई शांतपणे म्हणाले, ‘हाक मारा की, डॉक्टर. वळून बघंल ती तुमची.’

पण आकडा मात्र तसाच राहिला होता, दोनशे छप्पन. या छोट्या मशीनवर सात-आठ जणांनी एकदम काम काढलं असतं तर तेवढ्यात सगळी मेमरी संपली असती. आम्ही परत चार एमबीवर आणला. अंजनाताई म्हणाल्या, ‘आमच्यात चंद्र्या कमी हैत. आमच्या समद्या मोऱ्या.’

*

तिसरी ओळ. नोंद अर्धवट ठेवून गप्प बसलेल्या माणसाला किती वेळाने बाहेर काढायचं. ‘२० मिनिटे. हसूरकर जेवायला जातात.’

बास, एवढंच! पण ज्यांना हसूरकर माहीत आहेत त्यांना पुढे सांगायला नको. हसूरकर म्हणजे आमचा लसीच्या साठ्याचा कारकून. साठ्याचं पान उघडायचं, अर्धा आकडा भरायचा, आणि एक वाजला की तसंच सोडून डबा घेऊन उठायचं. ते पान त्यांनी धरून ठेवलेलं, त्यामुळे बाकी कुणाची नोंद पुढे सरकेना. राधानगरीचा फोन, कागलचा फोन, शाहूवाडीचा फोन. शेवटी शौकतभाई जेवणाच्या खोलीत गेले.

‘हसूरकर, अख्खा जिल्हा तुमच्या डब्यावर अडकलाय!’

हसूरकरांनी वर बघितलं. घास चावून झाला. मग म्हणाले, ‘मग काय, वाढू काय जिल्ह्याला?’

तेव्हापासून वीस मिनिटं. त्यावरही हसूरकरांनी लेखी तक्रार केली की वीस मिनिटात माणसाचा रस्सा तरी संपतो का! मी म्हटलं, ‘शौकतभाई, इथे काय हसूरकर नाहीत, काढून टाकू ही ओळ?’ ते म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. हसूरकर कुठंबी तयार हुतो.’

एव्हाना अंजनाताई पदर तोंडाला लावून हसत होत्या. शौकतभाईही थोडे सैल झाले होते. मशीन मात्र अजून बंदच होतं, आणि बाहेरच्या बाकावर एक पावणं म्हशीचं औषध विचारायला तासभर बसलेले.

*

चौथ्या ओळीवर मी अडखळलो. राखीव जागा, एक. पुढे दोनच शब्द : ‘रुमाल टाकलाय.’

‘हे काय?’ मी विचारलं. माझ्या नव्या फाईलमधून ही ओळ मी आकड्यासकट उडवली होती, काही अर्थच लागला नव्हता म्हणून.

शौकतभाई आधी सांगेनात. ‘जुनं हाय, सोड,’ म्हणाले. मग अंजनाताईच म्हणाल्या, ‘सांगा की वो.’

‘तुमचंच हाय,’ शौकतभाई त्यांना म्हणाले.

झालं होतं असं. सकाळी दहाला सगळी केंद्रं एकदम सर्व्हरवर यायची. जवळचे पटापट आत शिरायचे, जागा भरायची, आणि गगनबावड्याचं नेट रखडत रखडत पोचेपर्यंत ‘जागा नाही’. रोजचंच. एक दिवस अंजनाताईंचा फोन आला. म्हैस अडलेली, डॉक्टर गाडी चालू करून दारात उभे, आणि तिला मागच्या खेपेला कुठलं औषध बाधलं होतं ते बघायला यांना आत जाता येईना. शौकतभाईंनी तेव्हा हाताने कुणालातरी बाहेर काढून जागा करून दिली. पण मग त्यांना चैन पडेना. म्हणून त्यांनी एक जागा कायमची अडवली. कितीही गर्दी असो, ती फक्त गगनबावड्याची! एसटीत आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो, तसा.

‘लांबनं येनाऱ्याला जागा नगं व्हय?’ शौकतभाई म्हणाले.

अंजनाताई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. ‘म्हंजे ते तुमी केलतं? आन मला इतकी वर्सं वाटत हुतं की आमचं नेट सुधारलं!’

‘सांगायचं काय त्यात,’ शौकतभाई म्हणाले आणि मला खुणावलं, ‘म्होरं वाच.’

मला मात्र लगेच पुढे वाचवेना. मी ते दोन शब्द कचरा म्हणून पुसले होते. फार लाज वाटली.

*

शेवटची ओळ. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, एकशे चाळीस. पुढे : ‘बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवताना हा आकडा मूळ मशीनपेक्षा कमी करू नये. चालू झाल्यावर मग करावा. आधीच शहाणपणा करू नये.’

मी तो वीस केला होता. छोटं मशीन, छोटं केंद्र, म्हणून वीस! ती जी इंग्रजी लांबलचक ओळ येत होती, ती हेच सांगत होती. मी घाबरून तिचा पहिला शब्द वाचायचो आणि परत बटण दाबायचो.

‘तुम्हाला हे ठाऊक होतं?’ मी विचारलं.

‘कवातरी पुस्तकात वाचलेलं. लिवलं आन इसरलो,’ शौकतभाई म्हणाले. ‘लिवतोय कशाला मग मानूस?’

या वेळी एकशे चाळीसला हात लावला नाही. चालू केलं. दहा सेकंद… वीस सेकंद… कुणी हलेना. मिनिटभराने पडद्यावर आलं की या, मी तयार आहे. अंजनाताईंनी पहिला बिल्ला नंबर घातला तो बाहेरच्या पावण्यांच्या म्हशीचा. नाव मोरी, गाव, लसी, न सोसणारं औषध, सगळं ओळीने समोर! पावणं आत डोकावून म्हणाले, ‘घावली व्हय आमची?’ मी तर खुर्चीवरून उठून त्यांचाच हात हातात घेतला.

‘चहा सांगा,’ शौकतभाई म्हणाले. ‘दोन. दोन्ही मलाच.’

मग त्यांनी निंबाळकर साहेबांना फोन लावला. एवढंच बोलले, ‘साहेब, श्रद्धा उघडली!’

 पलीकडे साहेब मोठ्याने हसले आणि म्हणाले, ‘शौकतभाई, शाल मी स्वतः जाऊन आणतो.’ आणली पण. रंग जरा भडक होता, पण आणली.

*

निरोप समारंभ सभागृहात होता. चारची वेळ. कधी नव्हे ते सगळे वेळेवर आले, आणि आमंत्रण नसलेले दोन-तीन जास्तीचे पाहुणेही स्टेजवर चढून बसले. आपल्याकडे स्टेज दिसलं की बसणारे असतातच. खाली भिंतीला टेकून माणसं उभी. हसूरकर पहिल्या रांगेत, कारण नंतर खाणं होतं.

फक्त शौकतभाईंचा पत्ता नव्हता. मी धावत सर्व्हरच्या खोलीत गेलो तर हे बॅकअप घेत बसलेले!

‘अहो, तुमचाच समारंभ आहे!’

‘आजचा न्हाई व्हय घ्यायचा?’ ते म्हणाले. संपेपर्यंत उठले नाहीत.

आम्ही दोघं सभागृहाच्या दारात पोचलो तेव्हा आत सूत्रसंचालन सुरू झालं होतं. स्टेजवरच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या, मधली एक सोडून. निंबाळकर साहेब भाषणाचा कागद वाचत वाचत त्या खुर्चीकडे गेले. बसणार, तेवढ्यात त्यांना तिच्यावर काहीतरी दिसलं. फुलाफुलांचा, घडी घातलेला. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि माईकसमोरच विचारलं, ‘कुणाचा पडलाय हा?’

सकाळच्या पहिल्या एसटीने गगनबावड्याहून आलेल्या अंजनाताई दुसऱ्या रांगेतून उभ्या राहिल्या.

‘पडला न्हाई, साहेब. ठेवा तिथंच, आन तुमी दुसरीकडं बसा. रुमाल टाकलाय!’